विमान पाडायला शिकलो, त्याची गोष्ट



गेले पंधरा दिवस पेजवर काही लिहिलं नाही. ऊस तुटून गेला, खोडव्याचे बुडखे छाटायचे होते, पाचट कुट्टी करायची होती, ही कारणं आहेतच. पण खरं कारण वेगळं. एक गोष्ट लिहू का नको, ह्यातच दिवस गेले. आता तोडणीची टोळी आमच्या शिवारातनं पुढच्या गावाला गेली, म्हणून आज लिहायला बसलोय.

विषय पिकाचा नाही. रिमोटवर उडणाऱ्या छोट्या विमानाचा आहे. म्हाताऱ्याला आता हे कुठलं खूळ, असं म्हणू नका. गावोगावी पोरं यूट्यूब बघून असली विमानं बनवायला लागलीत, आणि ती उडवायला जागा कुणाची लागते? आपली. शेतात, माळावर, आपल्याच बांधावर उभी राहून ती उडवणार. तेव्हा आपल्याला ह्यातलं चार गोष्टीचं ज्ञान पाहिजे.

थोरल्या भावाचा मुलगा मेकॅनिकलच्या डिप्लोमाला आहे. घरात आम्ही त्याला बारका म्हणतो. दिवाळीच्या सुट्टीत तो एक मोठं खोकं घेऊन आला. आत थर्माकोलसारख्या पण त्याहून चिवट फोमचं विमान. पंख ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत 1.2 मीटर, म्हणजे जवळजवळ चार फूट. बॅटरीसकट वजन 850 ग्रॅम. नाकाला छोटी मोटर आणि तिच्यावर 10 इंची प्लास्टिकचा पंखा. पट्ट्या हलवायला काडेपेटीएवढ्या चार सर्व्हो मोटरी. रिमोट, चार्जर धरून साधारण दहा हजार खर्च झाला होता. ते पैसे पोरानं सुट्टीत गॅरेजात हात काळे करून साठवले होते. हा दहा हजाराचा आकडा ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

"तात्या, आपला वरचा माळ रिकामा हाय. तिथं उडवू का?"

"उडव की. पर मला बी शिकव."

माझ्या मनात दुसरं होतं. आमच्या वाळवा तालुक्यात ऊसावर ड्रोननं फवारणी करणारी पोरं आता फिरायला लागलीत. 2021 च्या ड्रोन नियमांप्रमाणं फवारणीचा ड्रोन चालवायचं प्रमाणपत्र काढायला दहावी पास आणि वय 18 ते 65 लागतं. मी दोन्हीत बसतो. म्हणलं, पैसे भरून शिकायला जायच्या आधी रिमोट आपल्या हातात बसतो का ते तरी बघावं.

बारक्यानं पहिल्यांदाच एक फरक सांगितला. ड्रोनच्या काड्या सोडल्या की तो बहुतेक वेळा जागेवर थांबून राहतो. विमान थांबत नाही. ते पुढं जात असतं म्हणूनच हवेत असतं. आपण विचार करत बसलो तरी ते चाललेलंच असतं.

त्यानं मला लगेच माळावर नेलं नाही. दहा दिवस घरात बसवलं. रिमोट केबलनं कॉम्प्युटरला जोडता येतो आणि पडद्यावरचं विमान उडवता येतं. रोज रात्री जेवण झाल्यावर अर्धा तास. पहिल्या दिवशी मी सतरा वेळा पाडलं. आमची मंडळी म्हणाली, "तुमच्या हातानं काय उडतंय, तुम्ही ट्रॅक्टरच चालवा." पण तिथं पाडायला पैसे पडत नाहीत. ज्या कुणाला शिकायचं आहे त्यानं हे पहिलं करावं.

रिमोटला दोन काड्या असतात. आमच्या रिमोटवर डावी काडी वर-खाली केली की रेस कमी-जास्त होते, डावी-उजवी केली की शेपटाची उभी पट्टी हलते. उजवी काडी डावी-उजवीकडं केली की विमान कुशीवर कलतं, मागं ओढली की नाक वर, पुढं ढकलली की नाक खाली. एवढंच. पण ह्या एवढ्यात एक मोठी गोम आहे. विमान आपल्यापासून लांब जात असताना आपलं उजवं ते त्याचं उजवं. ते वळून आपल्याकडं तोंड करून यायला लागलं की सगळं उलटं होतं. आपण उजवीकडं काडी मारतो आणि विमान आपल्या डावीकडं जातं. नवखा माणूस इथंच फसतो. बारक्यानं सोपी खूण सांगितली: विमान अंगावर येत असताना ज्या बाजूचा पंख खाली झुकलेला दिसेल, त्याच बाजूला काडी न्यायची. झुकल्या पंखाला टेकू दिल्यासारखी. ही खूण मला फार कामाला आली.

मग डिसेंबरात माळावर गेलो. आमचा माळ अडीच एकराचा, मुरमाड, वर बारीक गवत. चाकं नसलेलं विमान पोटावर उतरवायला ते गवत चांगलं. उगवतीला आमचाच ऊस. मावळतीला शेजाऱ्याचा ऊस. उत्तरेला ओढा आणि बाभळी. दक्षिणेला रस्ता आणि रस्त्याकडेनं अकरा केव्हीची लाईन.

बारक्यानं मला लाईनीकडं पाठ करून, पण लाईनीपासून चांगलं लांब, माळाच्या दक्षिण अंगाला उभं केलं. म्हणाला, "तात्या, विमान कायम तुमच्या तोंडासमोर. डोक्यावरनं मागं न्यायचंच नाही." ह्यात दोन गोष्टी साधल्या. लाईन आणि रस्ता पाठीमागं राहिला. आणि हिवाळ्यात ऊन दक्षिणेकडनं येतं, म्हणून सूर्यही पाठीशी. सूर्याच्या गोळ्यात विमान शिरलं की डोळ्याला अंधारी येते आणि तेवढ्यात ते कुठं गेलं कळत नाही.

उडवायच्या आधी तो जे करायचा ते मी वहीत उतरवून घेतलं. तुम्हीही घ्या.

पहिलं, तोल. पंखाची पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंत जी रुंदी, तिच्या साधारण पाव ते एक तृतीयांश अंतरावर दोन्हीकडून बोटं लावून विमान उचलायचं. ते सपाट राहिलं पाहिजे, नाहीतर नाकाकडं किंचित झुकलं तरी चालतं. शेपूट जड असलं तर ते विमान सावरता येत नाही. बॅटरी पुढं-मागं सरकवून तोल जमतो. बैलगाडीत माल भरताना जू उलाळ होऊ नये म्हणून बघतो, तसंच हे.

दुसरं, चालू-बंद करायचा क्रम. आधी रिमोट चालू, रेसची काडी पार खाली, मग विमानाला बॅटरी. बंद करताना उलटं: आधी विमानाची बॅटरी काढायची, मग रिमोट बंद. हा क्रम चुकला तर पंखा कधी फिरेल सांगता येत नाही. बॅटरी लावली की पंख्याच्या पुढं किंवा बाजूला हात-तोंड न्यायचं नाही, विमानाच्या मागं राहायचं. घरात बसून काही जोडाजोडी करायची असेल तर पंखा काढूनच ठेवायचा. त्या छोट्या पंख्याला बोट गेलं तर कडबा कुट्टीची आठवण येईल.

तिसरं, पट्ट्या बरोबर दिशेला हलतात का. विमानाच्या मागं उभं राहून काडी उजवीकडं केली की उजव्या पंखाची पट्टी वर आणि डाव्याची खाली. काडी मागं ओढली की शेपटाची आडवी पट्टी वर. हे उलटं असलं तर विमान हातातनं सुटल्या सुटल्या जमिनीत.

चौथं, रिमोटचा पल्ला. रिमोटची ताकद मुद्दाम कमी करून तपासायची सोय असते. ती लावून तीसएक पावलं लांब जायचं आणि पट्ट्या हलतात का बघायचं. आणि पंखा काढलेला असताना एकदा रिमोट बंद करून बघायचा, मोटर आपोआप थांबली पाहिजे. संपर्क तुटला तर विमान जोरात कुठंतरी जाऊ नये म्हणून ही सोय असते, पण ती लावलेली आहे का ते आपणच बघायचं.

पाचवं, वारं. टाकायचं वाऱ्याच्या तोंडाला आणि उतरवायचंही वाऱ्याच्या तोंडालाच. नवख्यानं वारं पडलेलं असतानाच उडवावं. आमच्याकडं हिवाळ्यात सकाळी सात ते नऊ हवा गप्प असते. दहानंतर उगवतीचं वारं सुटतं.

सुरुवातीला बारका विमान वर न्यायचा आणि चांगल्या उंचीवर गेल्यावर रिमोट माझ्या हातात द्यायचा. "तीन चुका पचतील एवढी उंची ठेवा," म्हणायचा. मी चूक केली की रिमोट काढून घ्यायचा, सरळ करायचा, परत द्यायचा. अशा शनिवार-रविवारच्या दहा-बारा उड्डाणांनंतर मी स्वतः टाकून स्वतः उतरवायला लागलो. पहिल्यांदा बरोबर उतरवलं तेव्हा पहिला ट्रॅक्टर घरी आणला त्या दिवसाची आठवण झाली. खोटं कशाला सांगू.

आणि मग माझी अक्कल गहाण पडली.

जानेवारीतला बुधवार होता. बारका कॉलेजला. विमान आमच्याच घरात माळ्यावर. त्यानं बजावलं होतं, "तात्या, एकट्यानं उडवू नका. बघायला कुणीतरी पाहिजेच." पण सकाळचं काम लवकर आटपलं, दहा वाजले होते, म्हणलं एक बॅटरी उडवून येऊ. माळावर पोचेपर्यंत साडेदहा. वारं सुटलेलं होतं. उसाचे वाढे हलताना दिसत होते. माणसाला दिसतं सगळं, पण हौस आली की दिसलेलं कळत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे मावळतीच्या शेजाऱ्याच्या उसात त्याच सकाळी टोळी शिरली होती. बीडकडची माणसं. त्या रानात दोन-चार टायरगाड्या उभ्या होत्या. मी त्यांच्याकडं बघितलं आणि मनात म्हणलं, आपण आपल्या माळावरच उडवणार, त्यांचा काय संबंध.

विमान टाकलं. पहिली चार मिनिटं झकास गेली. मग एका फेरीत ते मावळतीकडं जरा जास्त लांब गेलं. वारं पाठीशी, त्यामुळं जमिनीवरनं बघताना ते फार जोरात चाललेलं दिसलं. मी घाबरून रेस कमी केली. इथं माझी पहिली चूक. पंखाला जमिनीशी देणं-घेणं नसतं, त्याच्यावरनं हवा किती जोरात जाते एवढंच त्याला कळतं. वारं पाठीमागून असलं की विमान पळताना दिसतं, पण पंखाला हवा तेवढीच मिळत असते. मी रेस कमी केली आणि तशातच वळवायला गेलो. पंखानं हवा सोडली. एक पंख खाली गेला आणि विमान गिरकी घेऊन खाली यायला लागलं.

त्या वेळी ते माळावरच होतं. आमच्याच माळावर. खाली गवत, माणूस नाही, जनावर नाही. रेस बंद करून काडी सोडली असती तर विमान माळावर पडलं असतं, एखादा पंख मोडला असता, विषय संपला असता.

पण माझ्या डोक्यात काय आलं माहिती आहे? पोराचे दहा हजार. त्याला न विचारता आणलेलं विमान. आता त्याला काय सांगू? मी रेस पूर्ण वर केली आणि काडी पोटाशी ओढली. विमान जमिनीला लागता लागता उठलं, नाक आभाळाकडं, आणि तसंच लटकत लटकत वाऱ्याबरोबर मावळतीला बांध ओलांडून गेलं. तिथं परत पंखानं हवा सोडली आणि ते तोडलेल्या उसाच्या पाचटात जाऊन पडलं.

मी पळत गेलो. रिमोट हातातच होता. बांधावर चढल्यावर मोटरचा आवाज ऐकू आला. विमान पाचटात नाक खुपसून पडलं होतं आणि पंखा अजून थडाथड पाचट उडवत होता. कारण माझा अंगठा अजून रेसवर होता. मी रेस खाली ओढली.

विमानापासून टायरगाडी मी नंतर पावलांनी मोजली. अकरा पावलं. गाडीच्या खाली सावलीत साडीची झोळी बांधलेली. झोळीत वर्ष-दीड वर्षाचं लेकरू झोपलेलं.

त्याची आई कोयता टाकून पळत आली होती. तिनं आधी लेकरू उचललं. मग माझ्याकडं बघितलं. ती ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "तुमचा खेळ होतोय दादा, आमचं लेकरू गेलं असतं."

मी काय बोलणार? टोपी काढली आणि हात जोडले. मुकादम आला, तो बोलला चार शब्द, ते मी ऐकून घेतले. शेजारी आला. त्याला वाटलं मी काही तरी सबब सांगेन. माझ्याकडं सबब नव्हती.

तिथं अजून एक गोष्ट माझ्या ध्यानात आली ती नंतर, घरी आल्यावर. विमानातली बॅटरी लिपो जातीची असते. ती दबली, फाटली तर पेट घेऊ शकते. आणि मी ती कशात पाडली होती? वाळल्या पाचटात. उसाचा फड पेटतो कसा ते तुम्हाला सांगायला नको.

शनिवारी बारका आला. मी सगळं सांगितलं. मला वाटलं विमानाचं काय झालं ते विचारेल. त्यानं पहिला प्रश्न विचारला, "लेकराला काय झालं न्हाई नव्हं?" मग बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "तात्या, तुम्ही विमान वाचवायला गेला. ते माळावर होतं तवाच पाडायचं होतं. विमान पाडायची तयारी असंल तरच उडवायचं."

एकोणीस वर्षांचं पोरगं मला सांगत होतं. आणि मला 2019 चा महापूर आठवला. कृष्णेचं पाणी चढत होतं. नदीकाठची आमची मोटर काढायला मी रात्री एकटा गेलो होतो. थोरला भाऊ म्हणत होता, राहू दे, मोटर परत घेता येईल. मी ऐकलं नाही. मोटर खोलत बसलो आणि परत वळलो तेव्हा येताना गुडघ्याला असलेलं पाणी छातीला लागलं होतं. मोटर तिथंच सोडून झाडाझाडाला धरत बाहेर आलो. मोटरही गेली आणि जीवही जाता जाता राहिला. आपल्या शेतकऱ्याची ही खोडच आहे. वस्तू पैशानं घेतलेली असते, पैसा घामानं आलेला असतो, त्यामुळं वस्तू हातची जाताना बघवत नाही. नदीवर माझाच जीव पणाला होता. माळावर दुसऱ्याच्या लेकराचा होता. एवढाच फरक, पण तो फार मोठा आहे.

त्यानंतर आम्ही दोघांनी काही गोष्टी ठरवल्या.

टोळी त्या रानातनं जाईपर्यंत विमान उडवलं नाही. सहा दिवस लागले. आता उडवायच्या आधी मी चारी बांधांवरनं चालत फिरून येतो. उसात कुणी पाला काढतंय का, ओढ्याला शेरडं आहेत का, कुणी पाणी पाजतंय का. आपल्या बांधाच्या आत उडवणार म्हणून भागत नाही. बांध जमिनीला असतो, हवेला नसतो. शेजारच्या रानात माणूस असलं की त्या दिवशी उडवणं बंद.

माळावर चुन्याची एक रेघ मारली. मावळतीच्या बांधापासून साठ पावलं अलीकडं. विमान त्या रेघेपलीकडं गेलं आणि दोन मोजेपर्यंत माझ्या हाताला वळलं नाही, की रेस बंद. मग ते कुठंही पडो, आपल्या माळातच पडेल. हे आधीच ठरवून ठेवायचं, कारण हवेत विमान असताना माणसाला ठरवता येत नाही, ते मी बघितलंय.

बारका मला मुद्दाम त्याचा सराव करायला लावतो. विमान चांगलं उडत असताना अचानक "पाडा!" म्हणतो. मी अंगठा खाली ओढायचा. रेस बंद झाली की विमान लगेच दगडासारखं पडत नाही, नाक थोडं खाली ठेवलं तर तरंगत येतं. शिकाऊ विमानाचे पंख वरच्या बाजूला आणि टोकाला किंचित उचललेले असतात, ते स्वतःच बरंचसं सावरतं. आपण घाबरून काडी पोटाशी ओढतो म्हणून ते पडतं. हे मला तेव्हा माहीत असतं तर!

एकट्यानं उडवायचं नाही. एकाचा डोळा विमानावर, दुसऱ्याचा डोळा माणसांवर. पोरं बघायला जमली की ती आमच्या पाठीमागं, एका जागी बसलेली. विमान उतरल्यावर पळत जायचं नाही, मोटर बंद आणि बॅटरी काढल्याशिवाय हात लावायचा नाही.

वेळेचा गजर लावतो. आमची बॅटरी आठ-नऊ मिनिटं चालते, पण सहा मिनिटाला खाली. तीन खणांची बॅटरी पूर्ण भरल्यावर 12.6 व्होल्ट दाखवते. ठेवून द्यायची असेल तर 11.4 च्या आसपास ठेवायची, भरून किंवा रिकामी करून ठेवायची नाही. चार्जिंग गोठ्यात, कडब्याजवळ, गादीवर कधी करायचं नाही. आम्ही अंगणात शहाबादी फरशीवर मातीच्या कुंडीत ठेवून करतो, शेजारी वाळूची बादली, आणि चार्जिंग संपेपर्यंत माणूस जागेवरनं हलत नाही. फुगलेली बॅटरी परत वापरायची नाही, कितीही पैसे पडलेले असोत. इथंही तोच नियम, वस्तू सोडून द्यायला शिकायचं.

सरकारी नियमांचंही बघा. डिजिटल स्काय नावाचा नकाशा आहे, त्यात हिरवा, पिवळा, लाल असे पट्टे आहेत. आपलं रान कुठल्या पट्ट्यात येतं ते आधी बघायचं. हिरव्या पट्ट्यातही हद्द 400 फुटांची, म्हणजे 120 मीटरची आहे, आणि विमानतळापासून 8 ते 12 किलोमीटरच्या टापूत ती 200 फूटच आहे. शिकाऊ माणसाला तेवढी उंची लागतही नाही. विमान नुसत्या डोळ्याला नीट दिसलं पाहिजे, कुठलं तोंड आणि कुठलं शेपूट ते कळलं पाहिजे, तेवढ्याच अंतरात ठेवायचं.

आता तुम्ही म्हणाल, तात्या, आम्ही काही विमान उडवणार नाही, हे आम्हाला कशाला. तर ऐका. परवा खालच्या मळ्यात फवारणीचा ड्रोन आला होता. दहा लिटरची टाकी भरल्यावर त्याचं वजन वीस किलोच्या पुढं जातं. आमच्या 850 ग्रॅमच्या विमानाच्या वीस-पंचवीस पट. पंखे सहा. आणि गावची पोरं त्याच्या खाली पळत होती, बाया बांधावर बसून व्हिडिओ काढत होत्या, चालवणारा पोरगा एकटा, त्याला मागं बघायला सवड नाही. मी जाऊन पोरं मागं हटवली. लोक म्हणाले, हा काय आता पोलीसपाटील झाला का. मी काही बोललो नाही.

जे कृषी अधिकारी, कृषी सहायक हे पेज वाचतात, त्यांना एकच विनंती. ड्रोनचं प्रात्यक्षिक लावाल तेव्हा औषधाचं प्रमाण, नोझल, उंची सगळं सांगा. पण त्याच्या आधी दोन माणसं नुसती लोकांना लांब ठेवायला उभी करा. आणि चालवणाऱ्याला सर्वांसमोर विचारा, काही बिघडलं तर हा तू कुठं पाडणार? त्याला जागा दाखवता आली नाही तर उडवू देऊ नका.

टोळी जायच्या आदल्या दिवशी मी त्यांच्या कोप्यांवर गेलो होतो. मंडळीनं दिलेला गूळ आणि शेंगा बरोबर होत्या. ती बाई चुलीपुढं होती, लेकरू पाठीला. तिनं गूळ घेतला. तिचा थोरला पोरगा, असेल आठ-नऊ वर्षांचा, म्हणाला, "ते इमान पुन्हा उडिवता का?" मी त्याला सकाळी माळावर बोलावलं. टोळी गाडीत सामान भरत होती, शिवार रिकामं होतं, वारं पडलेलं होतं. बाप त्याच्यासंगं आला होता. आधी बॅटरी काढून विमान पोराच्या हातात दिलं, बघू दिलं. मग दोघांना पाठीमागं बसवून बारक्यानं एक उड्डाण केलं. मी त्या दिवशी रिमोटला हात लावला नाही. माझं काम चारी बांधांवर नजर ठेवायचं होतं.

त्यानंतर माझी चौदा उड्डाणं झालीत. वहीत लिहून ठेवलीत. त्यातली अकरा वेळा विमान नीट उतरवलं. तीन वेळा रेघ ओलांडली म्हणून मी स्वतः रेस बंद करून पाडलं. एकदा नाकाचा फोम फुटला, दोनदा पंखा मोडला. पंखा बाजारात मिळतो.

बाकी खोडव्याचं पाणी, खत ह्यावर पुढच्या वेळी लिहितो.